फिजिओथेरपीनंतर एमबीबीएस : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी ऐरोलीत राहते. वय २७ वर्षे, अविवाहित. २०१६ मध्ये राज्य मंडळातून बारावी उत्तीर्ण झाले, त्याच वर्षीच्या एमएच-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर बीपीटीला (फिजिओथेरपीच्या पदवीला) प्रवेश मिळाला आणि २०२१ पासून ठाण्यातील एका खाजगी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आहे. गेल्या वर्षी ५२ वर्षांचे एक गृहस्थ ‘फ्रोजन शोल्डर’ (आखडलेला खांदा) अशी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. त्यांना स्वतःला हात उचलताना वेदना होत, पण मी त्यांचा खांदा हळूहळू फिरवला की तो पूर्ण फिरत असे, बाहेरच्या बाजूलासुद्धा. चौथ्या दिवशी त्या हाताच्या अंगठा आणि तर्जनी यांमधील स्नायू खोलगट झालेला दिसला आणि त्याच बाजूची पापणी किंचित उतरलेली वाटली. मी तसे लिहून त्यांना परत पाठवले, तेव्हा ‘तुम्ही फक्त व्यायाम घ्या’ एवढेच उत्तर आले. तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला आणि फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला, हाताकडे आणि पापणीकडे जाणाऱ्या नसांवर दाबणारी गाठ निघाली. तेव्हापासून एमबीबीएस करावे हा विचार डोक्यातून जात नाही. आई म्हणते, एमपीटी (फिजिओथेरपीतले पदव्युत्तर शिक्षण) कर आणि स्थळे बघायला लाग. बाबा काहीच बोलत नाहीत. वय आड येईल का, बीपीटीमुळे काही विषय किंवा एखादे वर्ष सुटेल का, आणि नोकरी सांभाळून अभ्यास होईल का, हे कृपया सांगावे.

उत्तर : वयाची अडचण आता राहिलेली नाही. २०१७-१८ च्या सुमारास खुल्या प्रवर्गासाठी २५ आणि राखीव प्रवर्गांसाठी ३० वर्षे अशी कमाल मर्यादा आणली गेली होती, त्यावर न्यायालयात बराच वाद झाला आणि अखेर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ती काढून टाकली. किमान वय १७ पूर्ण असावे लागते, वरची मर्यादा नाही, आणि ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा किती वेळा द्यावी यावरही बंधन नाही. ओडिशातील निवृत्त बँक अधिकारी जयकिशोर प्रधान यांनी २०२० मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, ‘नीट’ उत्तीर्ण होऊन बुर्ला येथील वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला होता. मात्र त्यांच्यावर घरखर्चाची आणि पुढच्या तीस वर्षांच्या व्यवसायाची जबाबदारी नव्हती. तुमचा हिशेब वेगळा आहे आणि तो शेवटी मांडते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कटू आहे. बीपीटी, बीएस्सी नर्सिंग, डीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका) यांपैकी कोणत्याही शिक्षणामुळे आपल्याकडे एमबीबीएसचा एक दिवसही कमी होत नाही. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात पदवीधरांसाठी चार वर्षांचे वेगळे वैद्यकीय अभ्यासक्रम आहेत, त्यांच्याविषयी ऐकून आपल्याकडेही तशी सोय असावी असे अनेकांना वाटते, पण ती नाही. तुम्ही पाच वर्षे पक्षाघाताचे रुग्ण पुन्हा चालते केले असतील, तरी प्रवेशासाठी तुमच्याकडे पाहिले जाईल ते बारावी झालेली एक विद्यार्थिनी म्हणून. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री पुन्हा मुळापासून शिकावी लागेल, आणि साडेचार वर्षांनंतर एक वर्षाची इंटर्नशिप करावी लागेल.

मी अनेक वर्षे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ॲनाटॉमी शिकवली. त्यांच्यात एक माजी परिचारिका होती, वयाने वर्गातल्या मुलांपेक्षा दहा वर्षांनी मोठी. शवविच्छेदनाच्या पहिल्या दिवशी टेबलाभोवतीची मुले हातमोजे घालून मागे सरकत होती, तेव्हा ती पुढे आली आणि तिने मृतदेहाच्या चेहऱ्यावरची चादर नीट सारखी केली. त्या एका हालचालीने टेबलाभोवतीची सगळी मुले शांत झाली. पुढे हिस्टॉलॉजीच्या (ऊतींच्या अभ्यासाच्या) काचपट्ट्या आणि भ्रूणविज्ञान यांनी तिला इतरांइतकेच रडवले, एकदा तर ती ‘हे मला येते’ या समजुतीतच नापास झाली. अनुभवाचा उपयोग होतो, पण तो रुग्णापाशी उभे राहिल्यावर होतो. तोवर पाठांतर, जर्नल आणि तोंडी परीक्षा सर्वांना सारखीच असते.

आता प्रवेशाच्या परीक्षेकडे वळू, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. तुम्ही २०१६ मध्ये एमएच-सीईटी दिली. त्या वर्षी केंद्राच्या अध्यादेशामुळे राज्याच्या जागा सीईटीवर भरल्या गेल्या, प्रश्न राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर होते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक वजा होतो. २०२५ पासून १८० प्रश्नांसाठी १८० मिनिटे आहेत : भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५ आणि जीवशास्त्र ९०. प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते, पण अभ्यास एनसीईआरटीच्या (केंद्रीय) पाठ्यपुस्तकांवरून करावा लागतो. माळ्यावरची तुमची बारावीची पुस्तके काढू नका, राज्य मंडळाचा अभ्यासक्रमही त्यानंतर बदलला आहे.

जीवशास्त्र आपल्याला येतेच, असे फिजिओथेरपिस्ट मंडळींना वाटते आणि तिथेच गुण जातात. त्या ९० प्रश्नांत वनस्पती, परिसंस्था, आनुवंशिकी यांचा वाटा मोठा असतो. ब्रेकियल प्लेक्सस (हाताकडे जाणाऱ्या नसांचे जाळे) तुम्हाला झोपेतही काढता येत असेल, पण त्यावर प्रश्न येणार नाही. फुलातील बीजांडाच्या रचनेवर येईल, आणि उत्तर एनसीईआरटीच्या एखाद्या वाक्यात दडलेले असेल.

भौतिकशास्त्र मात्र बहुतेकांना परत पाठवते. दहा वर्षे ज्याने गणित केलेले नाही, त्याला एका मिनिटात एक उदाहरण सोडवायचे असते. तरी तुमच्याकडे एक आधार आहे, तो वापरा. खुब्याच्या सांध्याच्या रुग्णाला तुम्ही काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात देता, तेव्हा तुम्ही टॉर्कचेच (बलाच्या फिरवण्याच्या परिणामाचे) उदाहरण सोडवत असता. तुमच्या विभागातील शॉर्टवेव्ह डायथर्मीच्या (तरंगांनी शेक देण्याच्या) यंत्रावर २७.१२ मेगाहर्ट्झ असे लिहिलेले असते. प्रकाशाच्या वेगाला त्या आकड्याने भागा, तरंगलांबी सुमारे ११ मीटर येते. विद्युतचुंबकीय तरंगांच्या धड्यातील पहिले उदाहरण हेच आहे असे समजा. अशा ओळखीच्या ठिकाणापासून सुरुवात केली की भीती कमी होते. त्यानंतर मात्र रोज तीस-चाळीस उदाहरणे वहीवर, गणकयंत्राशिवाय, हाताने सोडवण्याला पर्याय नाही.

नोकरी सांभाळून हे होईल का? पहिले तीन-चार महिने होईल. ऐरोली ते ठाणे ही लोकलची दहा-बारा मिनिटे अभ्यासाच्या उपयोगाची नाहीत, त्यामुळे पहाटेचे तीन तास धरा. त्या काळात अकरावीचे भौतिकशास्त्र हातात येते का, हे स्वतःलाच दिसेल. आले, तर शेवटचे सहा महिने बिनपगारी रजा घ्या किंवा अर्धवेळ काम मागा. नाही आले, तर नोकरी गमावण्याआधी तुम्हाला उत्तर मिळालेले असेल. आधी राजीनामा देऊन कोटाला किंवा लातूरला जाण्याचा मार्ग मी तुम्हाला सुचवणार नाही.

किती गुण लागतील, हे मला कुणी विचारले की मी आकडा सांगत नाही. २०२४ च्या अंतिम निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते, तर २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६. पेपर बदलला की गुणांचा अर्थ बदलतो, म्हणून सराव परीक्षांत गुणांऐवजी आपला क्रमांक बघत जा. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक मुलांनी ही परीक्षा दिली. शासकीय आणि महापालिकेच्या महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय पातळीवर आणि ८५ टक्के राज्याच्या पातळीवर भरल्या जातात. तुमची दहावी-बारावी महाराष्ट्रातली असल्यामुळे अधिवासाच्या दाखल्यासह तुम्ही राज्याच्या जागांसाठी पात्र ठराल. तुमच्या घराजवळ, विटावा ओलांडले की, कळव्याला ठाणे महानगरपालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. अंबरनाथला २०२४ पासून १०० जागांचे शासकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. नेरूळ आणि कामोठे येथील अभिमत विद्यापीठांत एका वर्षाचे शुल्क वीस लाख रुपयांच्या पुढे जाते. पगारदार घराने तेवढे कर्ज काढून या वयात हा मार्ग धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शासकीय जागा मिळाली, तर पैशांचे गणित जमण्यासारखे आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुम्ही त्यात बसत असाल, तर उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आताच काढायला टाका. मधल्या वर्षांसाठी गॅपचे शपथपत्र आणि बीपीटीच्या महाविद्यालयाचा सोडल्याचा दाखलाही लागेल, तो मिळवण्यासाठीच कित्येकांची ऐन प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ होते. शिकत असताना पूर्णवेळ काम शक्य नाही, कारण थिअरीला ७५ आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी सक्तीची आहे. रविवारी रुग्णांच्या घरी जाऊन दोन-तीन जणांना पाहता येते, त्यासाठी फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेकडची तुमची नोंदणी चालू ठेवा.

आता हिशेब. २८ व्या वर्षी प्रवेश मिळाला, तर इंटर्नशिप संपताना तुम्ही ३३ किंवा ३४ च्या असाल. त्यानंतर एक वर्षाची बंधपत्रित शासकीय सेवा येते. त्यापुढे नीट-पीजी आणि तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, म्हणजे ३८. हे आकडे आईबाबांसमोर कागदावर मांडा. बाबा बोलत नाहीत याचा अर्थ विरोध असाच होत नाही, बहुधा त्यांना आपल्या निवृत्तीनंतरच्या पैशांची काळजी असेल आणि ती तुमच्यासमोर बोलून दाखवणे जड जात असेल.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या वेगळ्या करून पाहाव्यात अशी माझी कळकळीची विनंती आहे. एक आहे ती निदानाची ओढ : पापणी का उतरली, स्नायू का आटला, हे शोधून काढण्याची. दुसरी आहे ती ‘तुम्ही फक्त व्यायाम घ्या’ या उत्तराने झालेली जखम. जखम खरी आहे आणि ती देणाऱ्याचे चुकलेच. पण केवळ तिच्यापोटी दहा वर्षे खर्च करू नका, कारण कनिष्ठ डॉक्टर म्हणून तसली उत्तरे तुम्हाला आणखी बरीच वर्षे ऐकावी लागतील. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या गृहस्थांची पापणी तुम्हाला दिसली, कारण चार दिवस रोज अर्धा-पाऊण तास त्यांचा हात तुमच्या हातात होता. भरलेल्या ओपीडीत डॉक्टरांना एका रुग्णासाठी तीन-चार मिनिटे मिळतात. एमबीबीएस झाल्यावर एक्स-रे लिहिण्याचा अधिकार येईल आणि तो वेळ जाईल. हे पटूनही जावेसे वाटत असेल, तर जरूर जा. पुढे फिजिकल मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशन या विषयात एमडी करता येते, आणि हाजी अलीची १९५५ पासूनची अखिल भारतीय संस्था याच विषयाला वाहिलेली आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी तिथल्या निवासी डॉक्टरांशी बोलून या, त्यांचा दिवस कसा जातो ते विचारा.

प्रश्न : मी घणसोलीचा, एक्स-रे तंत्रज्ञ आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित होते, जीवशास्त्र नव्हते. मला नीट देता येणार नाही, असे सगळे सांगतात.

उत्तर : पूर्वी ते खरे होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये, बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही पात्र ठरवले आहे. राज्य मंडळाकडे ‘तुरळक विषय’ म्हणून अर्ज भरून, प्रात्यक्षिकांसह तो विषय द्या. त्यासाठी जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात लवकर जा, अर्जाच्या तारखा परीक्षेच्या बऱ्याच आधी संपतात. खुल्या प्रवर्गातून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून ५० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागास प्रवर्गांतून ४० टक्के लागतात. तुमचे गणित पक्के असल्यामुळे, वरच्या पत्रलेखिकेला जी भिंत उंच वाटते, ती तुम्हाला तितकी वाटणार नाही.

प्रश्न : वाशीतील एका रुग्णालयात मी स्टाफ नर्स आहे. एका एजंटने सांगितले की बीएस्सी नर्सिंग असल्यामुळे परदेशात थेट एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळेल आणि नीटची गरज नाही. पन्नास हजार रुपये आगाऊ दिले आहेत. पुढचा हप्ता द्यावा का?

उत्तर : देऊ नका. २०२१ च्या नियमांनुसार परदेशी पदवीवर भारतात नोंदणी हवी असेल, तर इंग्रजी माध्यमातून किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप हे सारे त्या एकाच परदेशी संस्थेत पूर्ण करावे लागते. थेट तिसऱ्या वर्षात गेल्यास ते ५४ महिने भरणार नाहीत. नीटची पात्रताही आधी लागते, आणि परत आल्यावर परवाना परीक्षा द्यावी लागते. त्या व्यक्तीने जे सांगितले ते व्हॉट्सॲपवर लेखी मागा, पैसे दिल्याचा पुरावा जपून ठेवा, रक्कम परत मागणारे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवा, आणि उत्तर आले नाही तर त्या कागदांसह जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. घरच्यांपैकी कुणाला तरी सोबत न्या.