रिंजानीची पहिली चढाई: पाठीवर काय घ्यायचं

बडोद्याच्या थंडीच्या हिशोबानं बॅग भरू नका. इंडोनेशियाच्या लोंबोक बेटावरचा रिंजानी हा ज्वालामुखी ३,७२६ मीटर उंच आहे. शिखरासाठी रात्री दोनच्या सुमारास निघतात, आणि माथ्यावर पारा ५ अंशांपर्यंत, कधी त्याखालीही उतरतो. वारा वेगळाच. तंबू आणि स्लीपिंग बॅग बहुतेक पोर्टर नेतात. बुकिंग करतानाच विचारून घ्या. तुमच्याकडे हवं ते एवढंच:

- हेडटॉर्च, जादा सेल. हातातली टॉर्च नको, काठ्या धरायला दोन्ही हात लागतात.
- वारा अडवणारं जॅकेट, आत फ्लीस (मऊ, उबदार कापडाचा थर), कानटोपी, हातमोजे.
- घोटा झाकणारे, वापरून मऊ झालेले बूट आणि गेटर (बुटाच्या तोंडावर, नडगीभोवती बांधायचं आवरण). शेवटचा चढ सुट्या राखेचा नि खडीचा. पाऊल मागे घसरतं आणि बुटात खडे शिरतात.
- २ लिटर पाणी, चिक्की, खजूर. लीलो चेवडा घरीच ठेवा, तहान वाढवतो!

नवखे हमखास चुकतात ते सुती कपड्यांत. सुती बनियन घामानं भिजतं, वाळत नाही, आणि थांबलात की हुडहुडी भरते. सिंथेटिक घ्या, झोपताना घालायला एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. जीन्स तर नकोच.

निघण्याआधी हीच बॅग, हेच बूट घेऊन पावागडच्या पायऱ्या दोनदा चढा-उतरा. पट्टा कुठे काचतो ते तिथेच कळेल.