मुलगा मेंटरशी बोलतच नाही, मेंटर बदलून द्या ना

शाळेत मेंटरिंगचं, म्हणजे मुलाला नियमित भेटून आधार देणारं एखादं मोठं माणूस जोडून द्यायचं काम बघताना पालकांचा हा प्रश्न हमखास येतो. मागे आठवीतल्या एका मुलाची आई हेच सांगायला आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). हजेरी खूप घसरली म्हणून वर्गशिक्षिकेने त्याचं नाव सुचवलं, आम्ही त्याला एक मेंटर दादा दिला, आठवड्यातून एकदा भेट, पण दीडदोन महिने झाले तरी पोरगा हो-नाहीच्या पुढे जाईना. आईला काळजी, आणि दादाने निदान आपल्याला तरी सगळं सांगावं असंही वाटत होतं.

मेंटर मी बदलला नाही. अशा मुलांनी आधीच बरीच माणसं येताना-जाताना बघितलेली असतात, त्यात आपण अजून एकाची भर का घालायची? ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या संशोधकांच्या २००२ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या मेंटर-मुलाच्या जोड्यांमधल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा दिसला, आणि ३ महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांमधल्या मुलांचा आत्मविश्वास उलट कमी झाला. म्हणून घाई नको म्हणते मी.

बदलली ती बसण्याची पद्धत. समोरासमोर दोन खुर्च्या आणि 'काय प्रॉब्लेम आहे' असा प्रश्न, यात मोठी माणसंसुद्धा गप्प होतात हो! दादाला सांगितलं प्रश्न बंद, दोघांनी मिळून लायब्ररीतली फाटकी पुस्तकं चिकटवा. हात कामात, नजर पुस्तकात, मग हळूहळू तोंड उघडलं. सकाळी धाकट्या बहिणीला तिच्या शाळेत सोडून यायला त्याला उशीर व्हायचा, वर्गात सगळ्यांसमोर बोलणी बसायची, म्हणून तो अख्खा दिवसच दांडी मारायचा. त्याला विचारूनच हे वर्गशिक्षिकेच्या कानावर घातलं, पहिल्या तासाला उशिरा यायची परवानगी मिळाली आणि हजेरी सुधारायला लागली.

बाकी तो काय बोलला ते आईलाही सांगितलं नाही. जिवाला धोका किंवा कोणी त्रास देतंय असं असेल तर आम्ही गप्प बसत नाही, आणि हे मुलाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवतो, पण एरवी त्याचं बोलणं त्याचंच.

मेंटर सारखा भेटी चुकवत असेल, मुलाला टोमणे मारत असेल किंवा मूल भेटीच्या दिवशी शाळेत यायलाच घाबरत असेल तर मात्र लगेच येऊन सांगा, तेव्हा बदलायचाच. आणि बदलला तरी जुन्या मेंटरने एकदा शेवटचं भेटून नीट निरोप घ्यायचा, अचानक गायब व्हायचं नाही.