नोड्सचा वेग वाढवला की मॅनेटची (टॉवरशिवाय फिरत्या उपकरणांनी, म्हणजे नोड्सनी, आपापसात बनवलेल्या नेटवर्कची) कामगिरी का ढासळते? प्रोजेक्टला एओडीव्ही (गरज पडली की रूट शोधणारा प्रोटोकॉल) घेऊ की ओएलएसआर (रूट आधीच तयार ठेवणारा)?

वेग वाढवला की कामगिरी ढासळते, हे तुम्ही प्रश्नातच गृहीत धरलंय. माझ्या एमईच्या गाईडनीही तेच धरलं होतं आणि त्यापायी माझं अख्खं सेमिस्टर गेलं.

एनएस-टू सिम्युलेटर, 50 नोड, 1500 बाय 300 मीटर, एओडीव्ही, रँडम वेपॉइंट (नोड कुठलंही ठिकाण आणि वेग काढतो, तिथे पोचला की पुन्हा नवं), कमाल वेग सेकंदाला 20 मीटर. तेव्हा सगळे हेच वापरायचे. पण रन 900 वरून 3000 सेकंदांवर नेला की माझी पॅकेट डिलिव्हरी चक्क सुधारायची. सर म्हणाले, "तुझी ऑक स्क्रिप्ट गंडलीये." निकालाचे आकडे काढणारी ती स्क्रिप्ट तीनदा नव्याने लिहिली. शेवटी वैतागून नोड्सची हालचाल पडद्यावर दाखवणारं नॅम उघडलं आणि एकेका ठिपक्याकडे बघत बसलो. सतरा नंबरचा जागचा हलेना. हालचाली लिहिलेल्या सीन फाइलमध्ये पाहिलं तर मुक्काम 1100 मीटरवर आणि वेग 0.03. पोचायला दहा तास! ती फाइल बनवणारं सेटडेस्ट किमान वेग शून्य धरत होतं. असा आकडा ज्याच्या वाट्याला येतो तो त्याच फेरीत अडकतो. बाकीचे पोचतात, पुन्हा आकडा काढतात, कधीतरी त्यांनाही बारीक आकडा लागतो. हळूहळू अख्खं नेटवर्क थिजतं, म्हणून लांब रनमध्ये डिलिव्हरी सुधारायची. योन, लिउ आणि नोबल यांनी 2003 मध्येच हे दाखवलं होतं. पेपर प्रिंट काढून सरांपुढे ठेवला. "आपल्याला ग्राफ खाली जाणारा हवाय," म्हणाले. 900वालाच छापला. व्हायव्हात एक्स्टर्नलनी फक्त मार्जिनबद्दल विचारलं.

तर, नुसत्या वेगाने काही होत नाही. एकमेकांच्या तुलनेत किती वेग, ते बघा. दिंडीत सगळे एका चालीने चालले तर शेजारी तोच राहतो, लिंक तुटत नाही. उलट दिशांना 20-20 ने पळणारे दोन नोड, रेंज 250 मीटर, म्हणजे लिंक फार तर साडेबारा सेकंद. ओएलएसआरचा हॅलो (शेजाऱ्यांना "मी आहे" सांगणारा मेसेज) दर 2 सेकंदांनी, आणि शेजारी गेला हे मान्य करायला 6 सेकंद. तोवरची पॅकेट्स गेली खड्ड्यात. एओडीव्ही निदान एरर पाठवून नवा रूट शोधतो. पण त्यासाठी पुन्हा रिक्वेस्टचा पूर आणि पॅकेट्स रांगेत ताटकळत. डिले तिथे वाढतो. तरी मी एओडीव्हीच घेईन.

नोड फारसे हलत नसतील आणि बरेच जण बऱ्याच जणांशी बोलत असतील, तर मात्र ओएलएसआर. आणि हो, उशीर चालणार असेल तर हालचाल फायद्याचीही ठरते. नोड पॅकेट स्वतःजवळ बाळगून पुढे नेऊन देतो. ग्रॉसग्लाउझर आणि त्से यांचं 2001 चं काम यावरच आहे.

किमान वेग 1 ठेवा, रन लांबवा, पहिले हजार सेकंद मोजू नका, आणि हे सगळं रिपोर्टमध्ये लिहा. गाईड "कशाला?" म्हणाले तर त्यांना सीन फाइल उघडून दाखवा. मी नुसता पेपर दिला होता.