नगरपालिकेच्या गावात कार्बन कमी करणाऱ्या छोट्या प्रकल्पाला अनुदान कुठून मिळतं?

तुम्ही विचारलंय की चोपड्यात दहाबारा जण मिळून दोन कामं करायची आहेत, एक सोसायटीच्या गच्चीवर सोलर आणि दुसरं भाजी मार्केटच्या ओल्या कचऱ्याचं खत, दोन्हीने गावाचं कार्बन उत्सर्जन कमी होईल, तर याला अनुदान कोण देतं. मी भुसावळचा, एका छोट्या संस्थेसाठी असेच प्रस्ताव लिहायचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. "कार्बन कमी करण्यासाठी अनुदान" असं शोधत बसलात तर आपल्यासारख्या गावांच्या हाताला फारसं काही लागत नाही. पैसा आहे, पण तो वीज, कचरा, धूळ, बस अशा नावांनी येतो. आणि तो कोणाच्या खात्यात जाणार हेही आधीच ठरलेलं असतं, घरमालक किंवा सोसायटी, नगरपालिका, नाहीतर नोंदणी झालेली संस्था. मित्रांच्या ग्रुपला कोणीच देत नाही, मग काम कितीही चांगलं असो. म्हणजे तुमची दोन कामं दोन वेगळ्या नावांवर जाणार, एकच प्रस्ताव करू नका.

सोलरचं सोपं आहे. पीएम सूर्यघर योजना, छतावरच्या सोलरला अनुदान देणारी केंद्र सरकारची, फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेली. स्वतःच्या घरावर लावलं तर पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याच्या वर कितीही लावा, जास्तीत जास्त ७८ हजार. पण तुमचं सोसायटीचं आहे ना, त्याला वेगळा दर आहे, लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार, आणि एका घरामागे ३ किलोवॅट धरून ५०० किलोवॅटपर्यंत. समजा १० किलोवॅट बसवलं तर १ लाख ८० हजार झाले. वर्षाला साधारण १४ हजार युनिट तयार होतात, आणि ग्रिडच्या एका युनिटमागे अंदाजे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे वर्षाला जवळपास १० टन वाचले. आपल्याकडची वीज अजून बरीचशी कोळशाचीच आहे, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी आम्ही रोज बघतो, त्यामुळे हा १० टनाचा आकडा मला नुसता कागदावरचा वाटत नाही.

यात लोक अडकतात ते पैशाच्या वेळेवर. अनुदान आधी मिळत नाही. पोर्टलवर अर्ज, नोंदणी असलेल्या व्हेंडरकडून काम, भारतात बनलेलेच पॅनल, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारं), महावितरणची तपासणी, हे सगळं झाल्यावर खात्यात जमा होतं. तोपर्यंत पूर्ण रक्कम सोसायटीने उभी करायची असते, सभासदांकडून किंवा कर्ज काढून. बँक खातं आणि वीजबिल दोन्हीवर सोसायटीचं नाव अगदी सारखं आहे का ते आजच बघा, बिल अजून बिल्डरच्या नावावर असेल तर आधी नाव बदला, मगच बाकीचं. आणि अजून एक, बोअरच्या पाण्याने पॅनल धुतले की क्षाराचे पांढरे डाग बसतात, उन्हाळ्यात धुरळा तर रोजचाच, म्हणून गच्चीवर गोड्या पाण्याचा नळ त्याच एस्टिमेटमध्ये धरा, नंतर त्याला कोणी पैसे काढत नाही.

आता मार्केटच्या कचऱ्याचं. हे काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं कारण ओला कचरा डेपोवर ढीग करून दाबून ठेवला की आत हवा जात नाही आणि मिथेन तयार होतो, आणि १०० वर्षांचा हिशोब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट जास्त ताप वाढवतो. वरून डेपोला आग लागली की धूर सगळ्या वस्तीत. पण इथे अर्जदार तुम्ही नसता, नगरपालिका असते. कचरा त्यांचा, जागा त्यांची, आणि स्वच्छ भारत अभियान शहरी २.० चा घनकचऱ्याचा निधी पण त्यांनाच येतो. वित्त आयोगाचंही (केंद्राचा पैसा राज्यांना आणि नगरपालिकांना कसा वाटायचा ते सुचवणारा) तसंच, पंधराव्या आयोगात (२०२१ ते २०२६) आपल्याएवढ्या गावांना जे अनुदान होतं त्यातलं ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामावरच खर्चायचं, त्यातलं निम्मं स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी, निम्मं पाण्यासाठी. एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ, तेव्हा मुख्याधिकाऱ्यांकडे जाताना चालू वर्षाचं बंधित अनुदान किती आणि ते कशावर धरलंय, हेच विचारा.

मुख्याधिकाऱ्यांना पटवायला "माझी वसुंधरा" कामाला येतं. २ ऑक्टोबर २०२० पासून राज्याच्या पर्यावरण विभागाचं हे अभियान चालू आहे, भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश असे पाच भाग, त्यात गावाला गुण मिळतात आणि वर आलेल्या गावांना बक्षिसाची रक्कम मिळते, ती परत पर्यावरणाच्या कामावरच खर्च करायची असते. कचरा भूमीत, सोलर आणि एलईडी अग्नीत. तुमच्या कामाने नगरपालिकेचे गुण वाढणार आहेत हे कागदावर मांडून नेलं की बोलणं लगेच वेगळं होतं, नाहीतर "ठेवून जा, बघतो" ठरलेलं.

पण जायच्या आधी वजन करा, हे अगदी कळकळीने सांगतोय. टांगता काटा घ्या, मार्केट आवरल्यावर जिथे ढीग पडतो तिथेच लटकवा आणि सलग दोन आठवडे पोतं पोतं मोजा. वहीत रकाने एवढेच, तारीख, पोती, किलो, त्यातून निघालेलं प्लास्टिक आणि केळीचे दांडे किती. दांड्यांचा रकाना वेगळा लागतोच, कारण आपल्याकडे केळी एवढी की ते ढिगात असणारच, आणि दांडा आखाच्या आखा खड्ड्यात टाकला तर महिनोन्महिने तसाच राहतो, बाहेरून काळा आणि आतून ओला चिवट. बारीक केला तर छान कुजतो. म्हणजे श्रेडर लागणार का आणि केवढा, हे त्या एका रकान्यावरून ठरतं. श्रेडर घेणार असाल तर त्याची पाती दांड्याच्या धाग्यांनी गुंडाळली जातात, ती काढून साफ करता येतात का ते विक्रेत्याकडून प्रत्यक्ष दांडा टाकून दाखवून घ्या. अशी वही घेऊन गेलेला माणूस आणि नुसता अर्ज घेऊन गेलेला माणूस यांच्याकडे साहेब वेगळ्या नजरेने बघतात, मी बघितलंय.

अनुदानात शेड येते, खड्डे येतात, मशीन येते. रोज कचरा वेगळा करणाऱ्या बायांची मजुरी त्यात येत नाही, आणि खान्देशात बंद पडलेल्या खताच्या शेड मी पाहिल्यात त्या बहुतेक याच कारणाने पडल्यात, यंत्राचा काही दोष नव्हता. मजुरी, वीज, दुरुस्ती हे नगरपालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकात किंवा घनकचऱ्याच्या ठेक्याच्या अटीत लिहून घ्या, बचत गटाला काम द्यायचं असेल तर तसा ठराव घ्या. खत विकून सगळा खर्च निघेल असं प्रस्तावात लिहू नका, निघत नाही. तपासणी करून प्रमाणात बसलं तर "हरित महासिटी कंपोस्ट" या सरकारी नावाने विकता येतं, तेवढा हातभार.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा समाजकामाचा पैसा? मिळू शकतो, कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पर्यावरण आहेच. फक्त संस्था नोंदणीकृत हवी, १२ए, ८०जी (आयकराच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची नोंदणी) हवं, शक्यतो तीन वर्षांचे ऑडिट. तुमच्याकडे यातलं काही नाही, म्हणून आत्ता नवीन संस्था काढत बसू नका, तालुक्यातल्या एखाद्या जुन्या चांगल्या ट्रस्टला सोबत घ्या.

जळगावच्या मित्राने तुम्हाला हवेच्या निधीचं सांगितलं असं तुम्ही लिहिलंय, ते म्हणजे एनकॅप, २०१९ चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम. जळगाव शहर त्या यादीत आहे, चोपडा नाही. आणि तो धुळीचे कण कमी करायला आहे, कार्बनला नाही.

कार्बन क्रेडिट (वाचवलेल्या कार्बनचं विकता येणारं प्रमाणपत्र) मिळवून देतो म्हणणारे फोन येतील, त्यांना आगाऊ एक रुपया देऊ नका. १० टनाच्या कामाला पडताळणीचाच खर्च क्रेडिटच्या किमतीपेक्षा जास्त होतो. टक्केवारीवर अनुदान आणून देणाऱ्यांचंही तेच, सूर्यघरचा अर्ज घरबसल्या स्वतः करता येतो.

सोसायटीच्या सामाईक मीटरचा मंजूर भार आणि गेल्या १२ महिन्यांचे युनिट इथे कमेंटमध्ये टाका, किती किलोवॅट लावणं योग्य ते हिशोब करून सांगतो. गच्चीवर टाकी कुठल्या बाजूला आहे तेही लिहा, सावलीचा फरक पडतो.