चिमणीच्या गावातली लेक आणि कार्बनचा हिशेब

प्रश्न : मी चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात कोल हँडलिंगला २६ वर्षं काढली. मुलगी नागपूरला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसमधून आयटी कंपनीची ऑफर हातात आहे. पण ती म्हणते, मला राज्याचं कार्बन उत्सर्जन कमी करण्याच्या नियोजनात काम करायचंय. असं काही काम असतं का? त्यात पोट भरतं का? आणि खरं सांगू, ज्या चिमणीनं आम्हाला जेवू घातलं तिच्याच विरोधात ही उभी राहणार का, हे मनातून जात नाही.
– एक वडील, चंद्रपूर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो मनात तसाच राहिला तर आधीच्या दोन प्रश्नांची उत्तरं घरात कुणी शांतपणे ऐकणार नाही.

‘हीट रेट’ हा शब्द तुम्ही नोकरीभर ऐकला असेल. एक युनिट वीज तयार करायला किती उष्णता खर्ची पडली, त्याचा हा आकडा. तो खाली आणायला तुमचे साहेब धडपडायचे, कारण त्यात कोळसा वाचतो. कोळसा वाचला की चिमणीतून जाणारा कार्बन डायऑक्साइडही तेवढाच कमी होतो. म्हणजे तुमची लेक ज्याला उत्सर्जन घटवणं म्हणते, त्यातला एक भाग तुमच्या कंट्रोल रूममध्ये कधीपासून चालू आहे. ती तोच हिशेब राज्याच्या पातळीवर मांडू पाहतेय.

आणि तो हिशेब खरोखर गुंतागुंतीचा आहे. ५०० मेगावॉटचा एक वीजनिर्मिती संच पूर्ण भारावर तासभर चालला की पाच लाख युनिट वीज होते. कोळशावरच्या विजेला युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर तासाला सुमारे ५०० टन. हे ५०० टन कुणाच्या नावावर लिहायचे? चंद्रपूरच्या, की जिथे त्या विजेवर एसी चालतो त्या शहराच्या?

मुंबई महापालिकेनं मार्च २०२२ मध्ये वातावरण कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०१९ साली शहराचं उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन मोजलं गेलं. त्यातलं ७२ टक्के ऊर्जेचं, मुख्यतः विजेचं. २० टक्के वाहतुकीचं आणि ८ टक्के घनकचऱ्याचं. २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के घट, २०४० पर्यंत ४४ टक्के आणि २०५० ला निव्वळ शून्य, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषलं जाणं, असं उद्दिष्ट आहे. पण मुंबईत वापरली जाणारी बरीच वीज शहराबाहेर तयार होते. महापालिका बस विजेवर चालवू शकते, कचऱ्याची व्यवस्था सुधारू शकते, इमारतींचे नियम बदलू शकते. वीज कशापासून तयार व्हावी हे तिच्या हातात फारसं नाही. ते ठरतं राज्याच्या, वीज कंपन्यांच्या आणि वीज नियामक आयोगाच्या पातळीवर. शहरानं आणि जिल्ह्यानं एकच टन दोनदा मोजायचा नाही, आणि कुणीच न मोजता सोडायचा नाही, हे पाहायला राज्याच्या पातळीवर माणूस लागतो. तो माणूस चिमणीच्या गावचा असेल तर मला जास्त भरवसा वाटतो.

का, ते सांगतो. राज्यात शेतीचे फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, सौरऊर्जेवर आणायची योजना चालू आहे, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०, उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटचं. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली तर रात्री साप-विंचवाच्या भीतीत पाणी द्यायला जावं लागणार नाही. हे फार मोठं काम आहे. पण दुपारी सौर वीज भरपूर आली की राज्यातल्या विजेची मागणी आणि निर्मिती जुळवणाऱ्या लोड डिस्पॅच सेंटरकडून तुमच्या केंद्राला ‘बॅक डाउन’चा, म्हणजे निर्मिती कमी करण्याचा, निरोप येतो आणि संध्याकाळी पुन्हा भार चढवावा लागतो. असं रोज खालीवर करताना बॉयलरचं काय होतं, कमी भारावर हीट रेट कसा बिघडतो, हे तुम्हाला माहीत आहे. पुढे जुने संच बंद होतील तेव्हा कंत्राटी कामगारांचं, वॅगन रिकाम्या करणाऱ्यांचं, गेटबाहेरच्या चहावाल्याचं काय, हेही आराखड्यातच यायला हवं. हे रकाने बहुतेक वेळा रिकामे राहतात, कारण आराखडा लिहिणाऱ्यांपैकी कुणी अशा वसाहतीत राहिलेलं नसतं. तुमची मुलगी राहिली आहे.

आता काम आणि पैसे. काम आहे. राज्याच्या पर्यावरण विभागाच्या नावातच २०२० पासून ‘वातावरणीय बदल’ आहे, त्याच वर्षी राज्याचं माझी वसुंधरा हे पर्यावरण अभियान सुरू झालं, मुंबई महापालिकेत यासाठी स्वतंत्र विभाग आहे. पण सरकारी कायम जागा मोजक्याच. बरंचसं काम सल्लागार संस्था, संशोधन संस्था आणि स्वयंसेवी संस्थांमधून, दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांवर चालतं. पुण्याचा प्रयास ऊर्जा गट विजेच्या धोरणावर किती बारकाईनं काम करतो, ते तिला अवश्य पाहायला सांगा. सुरुवातीचा पगार आयटीच्या ऑफरपेक्षा कमी असण्याची शक्यता धरून चला आणि नोकरीसाठी मुंबई, पुणे किंवा दिल्ली गाठावी लागेल. घरावर कर्ज असेल, धाकट्याचं शिक्षण बाकी असेल, तर दोन वर्षं आयटीत काढून मग वळायलाही हरकत नाही. डेटा हाताळायची सवय तिथे होते आणि ती इथे रोज लागते.

शिक्षणाबद्दल माझं मत जरा ठाम आहे. तिनं इलेक्ट्रिकल सोडू नये. टाटा समाजविज्ञान संस्थेत हवामानबदल आणि शाश्वततेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, दिल्लीच्या टेरी विद्यापीठात हवामान विज्ञान आणि धोरणाचा आहे, दोन्ही चांगले. पण जिला लोड कर्व्ह, म्हणजे विजेची मागणी दिवसभरात कशी चढते-उतरते तो आलेख, वाचता येतो तिनं आयआयटी मुंबईच्या ऊर्जा विभागाकडे किंवा तिथल्याच ग्रामीण तंत्रज्ञानाच्या सितारा (CTARA) केंद्राकडे आधी पाहावं, असं मला वाटतं. त्यासाठी ‘गेट’ या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास आत्ताच सुरू करावा. अर्थशास्त्र आणि धोरण नंतर शिकता येतं. वीजयंत्रणा नंतर शिकणं अवघड जातं.

आणि हे सगळं ठरवण्याआधी एक काम. फायनल इयरचा प्रोजेक्ट अजून पक्का नसेल तर तिनं एका नगरपालिकेचं उत्सर्जन मोजावं. महावितरणकडून वर्षभराचा वीजवापर, पंपांवरची पेट्रोल-डिझेल विक्री, गॅस सिलिंडर, रोजचा कचरा. विजेसाठीचा गुणांक, म्हणजे एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड धरायचा तो आकडा, केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करतं. सध्या तो युनिटमागे साधारण ०.७ किलोच्या आसपास आहे. तुमच्या कोळशाच्या एक किलोपेक्षा तो कमी का, हे तिला विचारा. तिला सांगता आलं तर अर्धा विषय तिला आला.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थिनीनं असाच तक्ता केला होता. तिच्या छोट्याशा गावाची वाहतूक पुण्याला मागे टाकणारी निघाली. हायवेवरच्या पंपावर ट्रक डिझेल भरून पुढे जायचे आणि तिनं ते सगळं गावाच्या खात्यावर लिहिलं होतं. ती चूक शोधायला तिला तीन आठवडे लागले, आणि पुढे मुलाखतीत तिला सगळ्यात जास्त वेळ त्याच तीन आठवड्यांबद्दल विचारलं गेलं.

तुम्हीही एक करा. एका रविवारी तिला घेऊन बसा आणि कोळसा वॅगनमधून उतरतो तिथपासून राख बाहेर पडते तिथपर्यंत सगळं सांगा, कुठे किती वाया जातं त्यासकट. तिला वहीत लिहून घेऊ द्या. पहिला तक्ता तयार झाला की मला पाठवायला सांगा. डिझेलचा आकडा कुठून घेतला, ते मात्र वेगळ्या रकान्यात लिही म्हणावं.