टोचणं सुसह्य करणारा लेसर कर्जावर घ्यावा का?

डॉक्टर, सांगलीतल्या तुमच्या दातांच्या दवाखान्यासाठी साडेतीन लाखांचा डायोड लेसर घ्यायचं तुमच्या मनात आहे. बारा टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज मिळतंय. भुलीच्या इंजेक्शनआधी हिरडीवर लेसरचा प्रकाश दिला की टोचताना कमी दुखतं आणि घाबरून रडणारी मुलं तरी उपचार पुरा करतील, ही तुमची आशा. हेतूबद्दल मला आदर आहे, पण कर्ज काढून आत्ता हे मशीन घेऊ नका.

हप्ता बसेल साधारण ११,६२५ रुपये, तीन वर्षांचं व्याज साडेअडुसष्ट हजारांच्या आसपास. तुम्ही दर पेशंटमागे २०० रुपये जास्त घ्यायचं म्हणता. म्हणजे नुसता हप्ता सुटायला महिन्याला ५९ पेशंट हवेत, आणि तुमच्याकडे लहान मुलं येतात महिन्याला वीसेक. शिवाय ‘दुखू नये म्हणून वेगळे पैसे’ हे पालकांना सांगणं तुम्हालाच जड जाईल.

घसाऱ्यामुळे, म्हणजे मशीनची दरवर्षी घटणारी किंमत खर्चात धरून, कर वाचेल, असं विक्रेता म्हणाला. तुम्ही अनुमानित योजनेत विवरणपत्र भरता. तिथे जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरली की घसारा त्यातच आला, वेगळा मिळत नाही. उपचारांवर जीएसटी नसल्याने मशीनवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिटही नाही, म्हणजे तो कर वळता करून मिळत नाही. किमतीतला रुपयान् रुपया तुमच्या खिशातून जाणार.

उपचाराची बाजू तुम्हाला जास्त कळते. पण या वापरावरच्या अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. काहींत मुलांना कमी दुखलं, काहींत नेहमीच्या सुन्न करणाऱ्या जेलपेक्षा फारसा फरक पडला नाही. मग आधी स्वस्त उपाय नीट वापरून बघा: हे जेल हिरडी कोरडी करून लावायचं आणि पुरेसा वेळ ठेवायचं, भुलीचं औषध अंगाच्या तापमानाला आणायचं, एक मिलिलीटर सोडायला पूर्ण मिनिट घ्यायचं. टाळूला टोचताना तर हा सावकाशपणा फार मोलाचा. याला खर्च किरकोळ येतो.

मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या हाताशी असलेल्या शिलकेची. घरखर्च महिना ६० हजार आणि बाजूला फक्त सव्वा लाख. चार दिवस ताप आला, दवाखाना बंद राहिला, तरी आधीच्या डेंटल चेअरच्या आणि लेसरच्या, दोन्ही कर्जांचे हप्ते थांबणार नाहीत. चेअरचं कर्ज १४ महिन्यांत फिटेल. तोवर लेसरच्या हप्त्याएवढी रक्कम दरमहा आवर्ती ठेवीत टाका, व्याज सोडून जवळपास १ लाख ६३ हजार होतील. आधीची शिल्लक मोडायची नाही.

त्यानंतरही लेसर हवासा वाटला तर हिरडीच्या छोट्या शस्त्रक्रिया त्यावर किती होतील, याचा हिशेब मांडा. त्याचे पैसे रुग्ण आनंदाने देतात, मशीनचा खर्च त्यावर निघू शकतो आणि मुलांना प्रकाश मोफत देता येतो. कोटेशनमध्ये कमी तीव्रतेच्या उपचाराचं (म्हणजे टोचण्याआधी प्रकाश देण्याचं) हँडपीस, सगळ्यांसाठी संरक्षक गॉगल, लेसरची टोकं (टिप्स) आणि वार्षिक देखभालीचा दर लेखी मागून घ्या.