नांगरताना दुतोंड्या निघाला तर काय करायचं? इंदूर परिसरातल्या शेतकऱ्यांच्या शंकांना उत्तरं

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार. उन्हाळी नांगरट उरकत आली की दरवर्षी सोयाबीनच्या वाणांबरोबर आणखी एका विषयावर प्रश्न येतात. देपालपूरकडच्या एका शेतकऱ्यानं विचारलंय, "बांध फोडताना दोन तोंडांचा साप निघाला. गावात एक जण लाखात किंमत देतो म्हणतोय. ठेवू का सोडू?" सांवेरहून प्रश्न आहे, "धामण रात्री म्हशीचं दूध पिते, बंदोबस्त काय?" महूकडून दोन प्रश्न आले आहेत. एक विहिरीवरच्या झाडातल्या घुबडाबद्दल, दुसरा रात्री बांधावर चमकणाऱ्या नागमण्याबद्दल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे. ते उंदरांपर्यंत जातं आणि उंदीर म्हणजे थेट तुमच्या गव्हाचा हिशोब.

दुतोंड्याबद्दल घरोघरी काय सांगतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. सहा महिने एका तोंडानं चालतो, सहा महिने दुसऱ्या. तो राहतो तिथे खाली मोहरांचा हंडा असतो. त्यानं चाटलं तर अंगावर कोड उठतं. ठराविक वजनाचा मिळाला तर पूजा मांडून पैशांचा पाऊस पाडता येतो. ही शेवटची गोष्ट सांगणारा माणूस तुमच्या दारात येतो तेव्हा त्याच्याकडे तराजू असतो आणि आगाऊ खर्चासाठी तो तुमच्याकडूनच पैसे मागतो. पाऊस पडत नाही, आगाऊ दिलेले पैसे परत येत नाहीत आणि कायद्याचा फेरा मात्र साप ज्याच्या घरात सापडला त्याच्यामागे लागतो. दुतोंड्या म्हणजेच मांडूळ. तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. पकडणं, घरात ठेवणं आणि विकणं हे तिन्ही गुन्हे आहेत, त्यात तुरुंगवास होऊ शकतो. तेव्हा देपालपूरच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: सोडा. आणि शक्यतो तुमच्याच शेतात सोडा.

आता त्या दोन तोंडांचं. मांडूळाची शेपटी निमुळती नसते, डोक्याइतकीच जाड आणि बोथट असते. भीती वाटली की तो अंगाची गुंडाळी करून डोकं खाली लपवतो आणि शेपटी किंचित वर धरतो. हल्ला करणारा शेपटीवर चावतो, डोकं वाचतं. म्हणून मोठ्या मांडूळाच्या शेपटीवर बऱ्याचदा जुन्या जखमांचे वण दिसतात आणि त्या वणांनाच लोक डोळे आणि ओठ समजतात. काही गारुडी तर तापल्या सळईनं डाग देऊन तोंड उमटवतात. नीट पाहिलंत तर एका टोकाला बारीक डोळा असतो, त्यात उभी बाहुली, आणि मधूनच जीभ बाहेर येते. दुसऱ्या टोकाला यातलं काहीही नसतं. हा साप बिनविषारी आहे. अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतो. कोडाशी त्याचा काही संबंध नाही. कोड त्वचेचा रंग बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्यानं येतं, कुणाच्या चाटण्यानं येत नाही.

तरीही हात लावू नका, कारण ओळखण्यात चूक होते आणि ती जिवावर बेतते. मांडूळ एकरंगी, तांबूस-तपकिरी ते काळसर, गुळगुळीत असतो. त्याचा भाऊबंद दुरक्या घोणस आखूड, जाड, खरखरीत, अंगावर वेडेवाकडे डाग असलेला. तोही बिनविषारी, पण तो खऱ्या घोणशीसारखा दिसतो. घोणशीचं डोकं त्रिकोणी, मान वेगळी कळते, पाठीवर काळ्या कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी साखळीसारख्या असतात आणि ती कुकरच्या शिटीसारखा मोठा फुत्कार टाकते. पहाटेच्या अंधारात, मातीनं माखलेला साप पाहून हा फरक कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. घोणशीच्या पिल्लाला दुतोंड्या समजून उचलणं ही नेहमीची चूक आहे आणि पिल्लाच्या विषानंही माणूस जातो. दंश झालाच तर करकचून दोरी बांधू नका, जखम कापू नका, चोखू नका. अंगठ्या, कडं काढा. दंश झालेला भाग फळीचा आधार देऊन स्थिर ठेवा, माणसाला चालू देऊ नका आणि गाडीत घालून सर्पदंशाची लस असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. इंदुरात एम. वाय. रुग्णालय आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका.

नांगरताना मांडूळ वर आला तर ट्रॅक्टर थांबवा, माणसं दहा हात मागे घ्या आणि पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. त्याला भुसभुशीत माती लागते, ती मिळाली की तो स्वतःच आत जातो. दिवसा उघड्यावर राहणं त्याला आवडत नाही, संध्याकाळनंतरच तो हिंडतो. जखमी असेल किंवा घरात शिरला असेल तरच वन विभागाच्या जवळच्या चौकीला कळवा. नांगर, रोटाव्हेटर आणि हार्वेस्टर शेताच्या मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला नेत जा. बहुतेक लोक कडेनं फेर धरत मध्याकडे येतात, त्यामुळे सगळे प्राणी मध्ये अडकतात आणि शेवटच्या फेऱ्यात पात्यांखाली येतात. मधून बाहेर गेलात तर त्यांना बांधाकडे पळायला वाट राहते. डिझेल तेवढंच लागतं.

इतकी काळजी का घ्यायची? मांडूळ मुख्यतः उंदीर खातो, तेही बिळात शिरून, जिथे मांजर आणि घुबड पोचत नाही. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि तिची पिल्लं तीनेक महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. गव्हाची पोटरी भरायला लागली की उंदीर ताटं बुडाशी तिरपी कापतात, जेवढं खातात त्याहून जास्त पाडतात आणि घूस तर लोंब्या बिळात साठवते. फेब्रुवारीत शेताच्या मधोमध गोल पट्टे आडवे दिसायला लागतात तेव्हा औषधाला फारसं यश येत नाही, कारण समोर उभं पीक असताना उंदीर तुमचं आमिष कशाला खाईल?

म्हणून उंदरांची मोहीम मे-जूनमध्ये, शेत मोकळं असताना. आधी जिवंत बिळं मोजा. संध्याकाळी शेतातली आणि बांधावरची (इकडे आपण मेड म्हणतो) सगळी बिळं ओल्या मातीनं बुजवा. दुसऱ्या दिवशी सकाळी जी उघडलेली दिसतील, तोंडाशी ताजी मोकळी माती आणि लेंड्या असतील, ती जिवंत. तिथे काठी रोवून खूण करा. जी उघडली नाहीत त्यांना पुन्हा हात लावू नका. काळ्या कडक मातीत सापाला स्वतःचं बीळ करता येत नाही, तो उंदराच्या सोडलेल्या बिळातच राहतो. प्रत्येक भोकात सरसकट औषध टाकणारा शेतकरी आपल्याच राखणदाराच्या दारात विष ठेवतो. विषारी वायू सोडणाऱ्या सेल्फॉसच्या गोळ्या तर बिळात जो असेल त्या सगळ्यांना मारतात आणि माणसालाही. त्या शेतकऱ्यानं स्वतः वापरायच्याच नाहीत.

खुणेच्या बिळांसाठी झिंक फॉस्फाईडचं आमिष करायचं. आधी दोन दिवस बिनविषारी आमिष द्या: ९८० ग्रॅम भरडलेले गहू किंवा ज्वारी, २० ग्रॅम गोडं तेल. उंदीर नव्या खाण्यावर विश्वास ठेवत नाही, ही सवय लावल्याशिवाय तिसऱ्या दिवशीचं औषध वाया जातं. तिसऱ्या दिवशी ९६० ग्रॅम भरड, २० ग्रॅम तेल आणि २० ग्रॅम झिंक फॉस्फाईड. आधी भरडीला तेल चोळून घ्या, मग पूड टाकून लाकडी काठीनं ढवळा, हातमोजे घालून, उघड्यावर, वारा पाठीशी ठेवून. पाणी लागू देऊ नका, ओल लागली की त्यातून विषारी वायू निघतो. घरातलं भांडं वापरू नका. दर बिळात सुमारे १० ग्रॅमची कागदी पुडी आत सरकवा आणि तोंड हलकं बुजवा. या विषावर उतारा नाही. लहान मुलं, कुत्री, कोंबड्या त्या दिवशी शेतात नकोत.

पुढची पायरी बहुतेक जण सोडतात. चौथ्या-पाचव्या दिवशी शेतात फिरून मेलेले उंदीर वेचा आणि खोल पुरा. उरलेलं आमिषही पुरा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा बिळं बुजवून मोजा. जी उरली त्यांवर लगेच परत झिंक फॉस्फाईड देऊ नका. वाचलेल्या उंदरांनी त्याचा धसका घेतलेला असतो, ते तोंडही लावत नाहीत. पुस्तकी शिफारस इथे ब्रोमॅडिओलोनची आहे: ०.२५ टक्क्यांची पूड २० ग्रॅम, भरड ९६०, तेल २०. पण ते उंदराच्या शरीरात टिकून राहतं आणि असा उंदीर खाणाऱ्या घुबडापर्यंत पोचतं. थोडीच बिळं उरली असतील तर मी सापळेच लावायला सांगेन. दोन दिवस सापळे न चढवता नुसतं भजं किंवा शेंगदाणे ठेवा, तिसऱ्या दिवशी चढवा.

नरवाईबद्दलही (कापणीनंतर शेतात उरलेली ताटं) इथेच सांगायला हवं. गव्हाची नरवाई जाळण्यावर बंदी आहे, दंडही होतो, तरी एप्रिलमध्ये धूर दिसतोच. आग वरच्या थरातून जाते. उंदीर खोल बिळात शाबूत राहतो आणि ताटांखाली आडोशाला आलेले साप, सरडे, बेडूक भाजून मरतात. उंदीर खाणारे जातात, उंदीर राहतात. रोटाव्हेटर किंवा भुशाचं यंत्र लावा.

सांवेरचा धामणीचा प्रश्न. सापाला ओढून चोखायला ओठ नसतात, त्याचे दात मागे वळलेले असतात, कासेला लावले तर म्हैस लाथ मारल्याशिवाय राहणार नाही. धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी आणि तीही बिनविषारी आहे. दूध कमी झालंय हे मात्र खरं असेल, त्याचं कारण कासेत शोधा. सकाळच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर काढा. गुठळ्या, पाणचट दूध किंवा रक्ताची झाक दिसली, सड गरम आणि कडक लागला, तर दगडी (कासेची सूज) समजा आणि त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा. धामणीच्या मागे आठवडा घालवला तर सड कायमचा जातो. काहीच दिसलं नाही तर रात्री रेडकू सुटून पितंय का ते पाहा.

घुबडाला राहू द्या. पिंगळा किंवा गव्हाणी घुबड विहिरीवर बसतं ते उंदरांवर नजर ठेवून, घरातल्या कुणाच्या आयुष्याशी त्याला घेणं नाही. झाड तोडू नका. हरभऱ्यात एकरी आठ-दहा, इंग्रजी टी अक्षरासारखे थांबे पिकापेक्षा हातभर उंच रोवा. दिवसा कोतवाल घाटेअळी वेचतो, रात्री घुबड बसतं. दाणे पक्व व्हायला लागले की थांबे काढून घ्या, नाहीतर दाणे खाणारे पक्षी येतात.

आणि नागमणी. जूनच्या पहिल्या सरींच्या सुमारास ओल्या बांधावर, गवतात जमिनीलगत हिरवट ठिपका हळूहळू सरकताना दिसतो, ती बहुधा काजव्याची अळी असते. तिला उडता येत नाही, गोगलगायी शोधून खाते. तिथे विजेरी घेऊन खणायला जाऊ नका. पहिल्या पावसात बिळात पाणी शिरून घोणस आणि मण्यार त्याच बांधावर चढलेल्या असतात. गेलातच तर बूट घाला, पुढे काठी आपटत चला. आणि १०० मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत सोयाबीनची पेरणी थांबवा.